शिसं ओततं कोण, खातं कोण

कढई आधी आमटीची होती. बूड झिजलं, एक कान निखळला, म्हणून ती स्वयंपाकघरातून बाहेर पडली आणि परसातल्या तीन दगडांवर येऊन बसली. आता तिच्यात शिसं वितळतं.

सोलापुरातून तुळजापूर रोडला लागलं की हिप्परग्याचा तलाव येतो. कागदोपत्री एकरुख, लोकांच्या तोंडी हिप्परगा. तिथं जवळच माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं घर आहे. घराणं भोयांचं, त्याचे वडील, अण्णा, अजून जाळं टाकतात. मृग लागायच्या आत जाळी दुरुस्त करायची आणि झडलेलं शिसं पुन्हा भरायचं, हे त्यांच्याकडे ठरलेलं. फेकजाळ्याच्या घेराला शिशाचे मणी नसतील तर जाळं ओढणीसारखं पाण्यावर तरंगत राहील आणि चिलापी खालून आरामात निघून जाईल.

मी गेलो तेव्हा अण्णा ओतायलाच बसले होते. चिकणमातीचा साचा, त्यात आडवा घातलेला सायकलचा स्पोक, आणि लोखंडी पळीतून पडणारी पाऱ्यासारखी धार. निवल्यावर स्पोक ओढला की मण्याला आरपार भोक तयार. नाकातोंडाला त्यांनी ओला टॉवेल घट्ट बांधला होता. "धुराची काळजी घेतो की ओ सर," मी विचारायच्या आधीच ते म्हणाले.

पन्नास-साठ मणी झाले. अण्णांनी टॉवेल सोडला, त्यालाच हात पुसले, बंडीच्या खिशातून तंबाखूची पुडी काढली, डाव्या तळव्यावर तंबाखू आणि चुना घेतला, उजव्या अंगठ्यानं चांगला मळला आणि चिमूट गालात धरली.

शिसं पोटात गेलं ते बहुतेक तेव्हा. कढईसमोर बसले होते त्या तासाभरात त्या मानानं थोडंच.

आपल्या भाषेत शिसं येतं ते बहुधा कानाशी. नको ते ऐकावं लागलं की 'कानात तापलेलं शिसं ओतल्यासारखं झालं' असं आपण म्हणतो. या म्हणण्यानं एक समज पक्का करून ठेवला आहे, की शिसं तापलेलं असेल तरच घातक. गार झालेलं शिसं म्हणजे मुकाट, जड, बिनकामाचा धातू. प्रत्यक्षात गार शिशानंच जास्त माणसं आजारी पाडली आहेत.

थोडे आकडे पाहू. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं. धातूंमध्ये हे तापमान फारच कमी. लोखंडाला दीड हजारांच्या पुढे जावं लागतं. म्हणून तर साध्या चुलीवर, आमटीच्या कढईत हे काम होतं. पण वितळणं वेगळं आणि उकळणं वेगळं. शिसं उकळतं १,७४९ अंशांना. वितळल्या वितळल्या त्याची जी वाफ होते ती अगदीच नगण्य. साधारण ५०० अंशांच्या पुढे ती दखल घेण्याइतकी होऊ लागते आणि तिथून भराभर वाढते. म्हणजे आच ताब्यात असेल तर वाफेची भीती कमी. गोम अशी, की आपल्या चुलीला आच दाखवणारा काटा नसतो. लाकडाचा जाळ किंवा कोळशाचे निखारे सहज ८०० अंश ओलांडतात, त्यात कुणी फुंकणी किंवा भाता घेऊन बसलं तर विचारायलाच नको.

एक सोपी खूण मात्र निसर्गानंच ठेवली आहे. कुठलाही घन पदार्थ तापवत नेला की साधारण ५२५ अंशांना तो अंधारात मंद लाल दिसू लागतो. लोखंड असो, दगड असो, खापर असो, आकडा तोच. तेव्हा सावलीत बसून कढईकडे बघा. तिच्या बुडाला किंचित जरी लाली दिसली, तर आच नको तितकी झाली आहे. लाकूड ओढून घ्या. दुसरी खूण शिशाच्या अंगावरच उमटते. शुद्ध शिसं जास्त तापलं की चंदेरी पृष्ठभागावर सोनेरी, जांभळ्या, निळ्या छटा फिरू लागतात, अगदी मोरपंखी. अण्णांच्या नातीला त्या फार आवडतात. तो रंग म्हणजे हवेतल्या ऑक्सिजननं शिशावर चढवलेली पातळ साय, आणि आपला खरा शत्रू तिथं जन्माला येतो.

ही साय जाड होत जाते, पिवळट-करडी होते, पळीनं बाजूला सारली की तिची भुकटी होते. तिच्यात शिशाचं ऑक्साइड असतं. पिवळं ऑक्साइड आपल्या जुन्या वैद्यांना आणि रंगाऱ्यांना मुरदाडशिंग म्हणून ठाऊक होतं. त्याच शिशाचं लाल ऑक्साइड म्हणजे पारंपरिक शेंदूर. म्हणजे मारुतीच्या अंगावरचा शेंदूर आणि कढईतली मळी ही एकाच घरातली मंडळी. धातूचा गोळा चुकून गिळला तर तो बऱ्याचदा तसाच बाहेर पडतो. बारीक भुकटी मात्र पोटातल्या आम्लात सहज विरघळते. मळी काढून कोपऱ्यात टाकायची, वाऱ्यानं ती अंगणभर पसरायची, आणि संध्याकाळी घरच्या बाईनं खराट्यानं ती झाडायची. अंगण झाडलं म्हणजे स्वच्छ झालं असं आपल्याला वाटतं. शिशाच्या बाबतीत कोरडं झाडणं म्हणजे बसलेली धूळ उठवून नाकाच्या उंचीवर आणणं.

नाकावरच्या ओल्या टॉवेलचंही सांगून टाकतो. आमच्या गावचा टॉवेल जगात नावाजलेला आहे, त्याबद्दल मला अभिमान आहे, पण तो अंग पुसायला विणलेला आहे. तापलेल्या धातूवरून उठणारे कण त्याच्या धाग्यांमधल्या फटींपेक्षा कितीतरी बारीक असतात. मास्क लावायचाच तर चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ किंवा त्याहून वरच्या दर्जाचा. आणि ज्या टॉवेलनं तोंड झाकलं त्यालाच हात पुसले, तर पुढच्या खेपेला आपण शिसं नाकाशीच बांधून घेतो.

आता किती शिसं म्हणजे फार? दहा किलो वजनाच्या लहान मुलाच्या अंगात साधारण ८०० मिलिलिटर रक्त असतं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दर १०० मिलिलिटर रक्तात ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त शिसं सापडलं तर ते कुठून येतंय ते शोधा आणि थांबवा. हिशेब करा. त्या मुलाच्या सगळ्या रक्तात मिळून ४० मायक्रोग्रॅम. आपल्या ताटातल्या बारीक मिठाचा एक कण साधारण ६० मायक्रोग्रॅमचा भरतो. म्हणजे मिठाच्या एका कणापेक्षाही कमी. शिसं मिठाच्या पाचपट जड, त्यामुळे ४० मायक्रोग्रॅमचा शिशाचा कण तर डोळ्याला जेमतेम दिसेल. शरीरातलं सगळं शिसं रक्तात नसतं हे खरं, त्यामुळे हा हिशेब ढोबळच आहे. पण अण्णांची कढई अडीच-तीन किलोची होती, हे लक्षात घ्या. अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेनं मुलांसाठी हा इशाऱ्याचा आकडा २०२१ मध्ये ५ वरून ३.५ वर आणला. ३.५ म्हणजे सुरक्षित असं मात्र कुणी म्हणत नाही. शिशाची सुरक्षित अशी पातळी आजवर सापडलेलीच नाही.

एवढ्याशा कणानं असं काय बिघडतं? पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला होता. रूप जुळलं, काहींनी ओळख पटवली, दरवाजे उघडले. शिसं शरीरात हेच करतं. ते कॅल्शियमचा तोतया आहे. विद्युतभार तोच, वागणंही पुरेसं सारखं, म्हणून कॅल्शियमसाठी ठेवलेल्या दारांतून ते आत घेतलं जातं. मेंदूत एका पेशीनं दुसरीला निरोप द्यायचा तर कॅल्शियम लागतं. तिथं हा जाऊन बसतो आणि निरोप चुकतात. रक्तातलं हिमोग्लोबिन बनवणाऱ्या विकरांनाही तो अडवतो, म्हणून शिशाच्या रोग्याला पंडुरोग होतो. रक्तातून बाहेर पडला की तो हाडांत मुक्काम ठोकतो. मोठ्या माणसाच्या अंगातलं नव्वद टक्क्यांहून जास्त शिसं हाडांत असतं. रक्तातलं शिसं महिन्याभरात निम्मं होतं, हाडांतलं निम्मं व्हायला दशकं लागतात. भाऊंचा तोतया अखेर पकडला जाऊन देहदंड भोगता झाला. हा घरातच राहतो, आणि बाई गरोदर राहिली, बाळाच्या हाडांसाठी तिच्या हाडांतलं कॅल्शियम सुटू लागलं, की त्याच्याबरोबर निघून वारेतून बाळापर्यंत पोचतो. लग्नाआधी माहेरी जाळी भरलेल्या मुलीचं शिसं तिच्या लेकरापर्यंत जाऊ शकतं ते असं.

मुलांचं आणखी एक. तोंडावाटे गेलेल्या शिशापैकी मोठा माणूस थोडंच शोषतो. लहान मूल त्याच्या चार ते पाच पट. पोट रिकामं असेल तर आणखी जास्त. अंगात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर आणखी जास्त. रांगणारं, सगळं तोंडात घालणारं, रक्त कमी असलेलं पोर आणि मळीचं अंगण, ही गाठ किती वाईट आहे ते वेगळं सांगायला नको.

अण्णांची नात चौथीला आहे. तिनं पाटीवरचं गणित सोडून शिसपेन्सिल चावायला घेतली तशी तिची आई ओरडली, "टाक ती, शिसं असतंय त्यात!" त्या माउलीला मी म्हटलं, वहिनी, त्यात शिसं नसतं. शिसपेन्सिलीत ग्रॅफाइट असतं, म्हणजे कोळशाचाच भाऊबंद. जुन्या काळी लोकांना तो काळा दगड शिशाचाच प्रकार वाटला, नाव चिकटलं ते चिकटलं. पण त्याच पोरीच्या फ्रॉकच्या खिशात सहा-सात शिशाचे मणी होते. ती त्यांनी गजगे खेळते. त्याबद्दल कुणी ओरडलं नाही.

घरी शिसं ओतण्याबद्दलचं बरंच व्यवहारज्ञान आलं आहे ते अमेरिकेतून. तिथं बंदुकीची हौस असलेले लोक गोळ्या घरीच ओततात, आणि त्यांतल्या शहाण्यांनी आपलं रक्त तपासून घेत घेत चुका शोधल्या. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यामुळे तो हौसेचा विषय होत नाही. आपलं शिसं जाळ्यात, गळात, आणि फार तर गड्ड्याच्या यात्रेत फुगे फोडायच्या बंदुकीच्या छऱ्यांत. सिद्धेश्वराच्या यात्रेत असा एक गाडीवाला मी पाहिला आहे, पुढचे चार छरे तो ओठांत धरून ठेवायचा. कढईत काय चाललंय याची रसायनं मात्र तिकडे आणि इकडे एकच.

ओतणं बंद करा असं मी अण्णांना म्हणालो नाही. म्हणालो असतो तरी त्यांनी ऐकलं नसतं, आणि बाजारातले तयार मणी त्यांना परवडत नाहीत. मग कसं करायचं, एवढंच आम्ही बोललो.

पहिली गोष्ट कढईत काय टाकायचं. भंगारवाल्याकडून आलेला शिशाचा पत्रा, जुन्या केबलीचं कवच, नळाचे तुकडे, हे ठीक. बॅटरीच्या प्लेटा कधीही नाहीत. लोडशेडिंगच्या कृपेनं घरोघर इन्व्हर्टर आले, जुन्या बॅटऱ्या पडून राहतात आणि तिच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त शिसंच असल्यानं ती फुकटची खाण वाटते. पण त्यात गंधकाचं आम्ल असतं, शिशाची अतिबारीक पेस्ट असते, आणि प्लेटांच्या मिश्रधातूत अँटिमनी, आर्सेनिक असू शकतं. अशा बॅटरीची मळी ओली झाली तर त्यातून आर्सिन नावाचा वायू निघू शकतो, जो थोडक्या प्रमाणातही जीवघेणा आहे. जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी कायद्यानं त्या बनवणाऱ्या कंपन्यांवर आहे, आणि दुकानदार त्या परत घेतात. नवी घेताना किमतीत तिचे पैसेही वळते होतात. ती द्यावी आणि मोकळं व्हावं.

सेनेगलमध्ये डकार शहराजवळ थियारॉय नावाची वस्ती आहे, समुद्रकाठची. तिथं जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढण्याचा धंदा वर्षानुवर्षं चालला. जमीन शिशानं भरली. मग ती मातीच विकली जाऊ लागली. बायका माती घरी आणून चाळत, शिशाचे कण वेगळे काढत, पोरं शेजारी खेळत. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ एवढ्या काळात तिथली १८ मुलं गेली. कढई पेटवण्याची गरजही पडली नव्हती. नुसतं चाळणं.

दुसरी गोष्ट पाणी. हा धोका हळू चढणाऱ्या विषाचा नाही, क्षणाचा आहे. वितळलेल्या शिशात पाण्याचा थेंब सापडला तर त्याची वाफ होऊन तो साधारण १,७०० पट फुगतो, आणि वरचं शिसं कारंज्यासारखं उडतं. डोळे गेलेले लोक असेच गेले आहेत. साचा नीट वाळलेला हवा. चिकणमातीचा साचा वरून कोरडा दिसतो आणि पोटात ओल धरून असतो, तेव्हा तो आधी चुलीजवळ शेकून घ्यावा. भंगाराचा तुकडा वितळलेल्या शिशात वरून टाकू नये, सुरुवातीलाच गार कढईत ठेवावा. मृगाआधीचे दिवस म्हणजे वळवाचा काळ, आभाळ भरून आलं असेल तर त्या दिवशी चूल पेटवूच नये. अण्णांना ही गोष्ट माझ्यापेक्षा चांगली माहीत होती. त्यांच्या कोपराखाली वाटाण्याएवढे तीन पांढरे डाग आहेत.

काम मोकळ्या जागी, वारा पाठीवर घेऊन करायचं. स्वयंपाकघर, पाण्याचा हौद आणि पोरं यांपासून लांब. पूर्ण बाह्यांचा जाड सुती शर्ट, बूट, डोळ्यांना चष्मा. नायलॉनचे कपडे नकोत, ते अंगाला चिकटतात. कढई, पळी, साचा यांना दुसरं काम नाही, आणि कितीही घासून पुसून काढली तरी ती कढई पुन्हा आमटीकडे परतायची नाही. मळी काढायच्या आधी चिमूटभर मेण किंवा लाकडाचा कोरडा भुसा टाकून लांब दांड्यानं ढवळलं तर बराच फायदा होतो: भुशातला कार्बन ऑक्साइडमधला ऑक्सिजन ओढून घेतो आणि पिवळ्या भुकटीतलं बरंच शिसं पुन्हा धातू होऊन खाली उतरतं. धूर होतो, मेण कधी भडकतंही, म्हणून तोंड लांब. उरलेली मळी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, आणि डबा भंगारात द्यायचा. उकिरड्यावर नाही, तलावात तर नाहीच.

आणि मग धूळ. लेखातला सगळ्यात कंटाळवाणा भाग हाच, आणि सगळ्यात कामाचाही. बसायच्या जागी जुनी ताडपत्री अंथरायची. काम झालं की ओल्या फडक्यानं पुसायची, कोरडी झटकायची नाही. ते कपडे उतरवून वेगळ्या बादलीत, घरच्या कपड्यांबरोबर भिजवायचे नाहीत. आधी हात, मग तोंड, साबण लावून, नखं घासून. नुसतं पाणी ओतून चालत नाही. शिशाची धूळ कातडीच्या रेघांमध्ये अडकून बसते, ती घासूनच निघते, आणि तरी थोडी राहतेच. म्हणून हातमोजे घातलेले चांगले. सोलापुरात पाणी रोज येत नाही हे मला कुणी सांगायला नको, मीही पिंप भरून ठेवणाऱ्यांपैकीच आहे. तरी या कामाला बादलीभर पाणी आधी बाजूला काढायचं, पाणी नसेल तर चूल दुसऱ्या दिवशी.

हात धुवायच्या आत भाकरी नाही, चहा नाही, तंबाखू तर अजिबात नाही. तळव्यावर मळून खाण्याची आपली ही सवय शिशासाठी कुणी मुद्दाम शोधून काढली असावी इतकी सोयीची आहे. तळव्यावरची धूळ, चुन्याचा ओलावा, अंगठ्याचा जोर, आणि ते सगळं गालात तासभर. विडीचंही तसंच. शिसं लागलेल्या बोटांनी विडी धरली की धूळ विडीला लागते, आणि जळत्या टोकाशी जी आच असते ती आपल्या कढईपेक्षा कितीतरी जास्त. तिथं शिशाची वाफ होते आणि ती थेट छातीत. कढईवर वाफ टाळायला इतका आटापिटा करायचा आणि नंतर विडी शिलगावून ती ओढायची!

मणी जाळ्याला लावताना दातांनी दाबायचे नाहीत, हेही त्यातच आलं. पक्कड असते.

अण्णांनी विचारलं, "रोज गूळ खातो की. त्यानं निघून जातंय म्हणतात." गिरणीतल्या, खाणीतल्या, रंगाच्या कामातल्या कित्येकांना असंच सांगितलेलं असतं, कुणाला गूळ, कुणाला केळं, कुणाला पेलाभर दूध. गुळानं शिसं निघत नाही. रोजच्या जेवणात लोह आणि कॅल्शियम पुरेसं असेल तर तोतयाला दारं कमी सापडतात, एवढं खरं. नाचणी, तीळ, दूध, पालेभाजी, आणि त्यांच्या घरी तर काट्यासकट खाल्ली जाणारी बारीक मासळी, हे सगळं चांगलंच. पण ते दारावरचे पहारेकरी. आत गेलेल्याला बाहेर काढण्याची ताकद त्यांच्यात नाही. तसं औषध डॉक्टरांकडे असतं, तेही शिसं फार वाढलं असेल तरच देतात (लहान मुलांत दर १०० मिलिलिटर रक्तात साधारण ४५ मायक्रोग्रॅमच्या पुढे), आणि मेंदूचं झालेलं नुकसान त्यानं भरून येत नाही. शिशाची भस्मं घेणाऱ्यांनी तर आणखी सांभाळावं. रसशास्त्रात शिशाला 'नाग' म्हणतात आणि नागभस्म आजही विकलं जातं. अशा औषधांमुळे शिसं चढल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

लक्षणांची वाट बघू नये. पोटात कळ येणं, बद्धकोष्ठ, डोकेदुखी, चिडचिड, थकवा, हातापायांना मुंग्या. यातलं काय उन्हाळ्यात सोलापुरात कुणाला होत नाही? चव्वेचाळीस अंशांत सगळेच चिडलेले असतात. मुलांत तर बहुधा दिसण्यासारखं काहीच नसतं, फक्त अभ्यासात लक्ष लागत नाही, आणि त्याचं खापर पोराच्याच डोक्यावर फुटतं. खरं कळतं ते रक्ताच्या तपासणीतून. नमुना शिरेतून काढलेला असावा. बोट टोचून घेतलेल्या थेंबात बोटावरचीच धूळ मिसळून आकडा फुगू शकतो. पॅथॉलॉजीवाले नमुना बाहेर पाठवतात, चार दिवस लागतात, आणि डॉक्टरांना 'आमच्या घरी शिसं ओततात' हे आपण होऊन सांगावं लागतं. त्यांच्या मनात ते एरवी येतच नाही.

अण्णांच्या नातीचं रक्त आम्ही तपासून घेतलं. आकडा तिच्या घरचा आहे, इथं देत नाही. नंतर तिच्या वडिलांनी तीन खोल्या ओल्या फडक्यानं पुसून काढल्या, पलंगाखालून सुद्धा.

शिशाशिवाय जाळं बुडवता येईल का? इंग्लंडमध्ये गळाला लावायच्या लहान शिशाच्या वजनांवर १९८७ पासून बंदी आहे, आणि ती माणसांसाठी नव्हे, हंसांसाठी आली. हंस अन्न दळायला बारीक खडे गिळतात, खड्यांबरोबर तळातलं शिसं गिळत आणि मरत. आमच्या उजनीच्या फुगवट्यावर दरवर्षी रोहित पक्षी (फ्लेमिंगो) येतात, बदकं येतात. खडे तीही गिळतात. पण हंसांची गोष्ट सांगून अण्णा ऐकणार नव्हते, म्हणून मी आर्किमिडीजला पुढे केलं. एक किलो शिसं जेमतेम एका कटिंग चहाएवढी जागा व्यापतं, ८८ मिलिलिटर. पाण्यात बुडवल्यावर तेवढ्या पाण्याचं वजन वजा जाऊन त्याचं उरतं ९१२ ग्रॅम. लोखंडाचं त्याच हिशेबानं ८७३. म्हणजे एक किलो शिशाइतकं काम पाण्याखाली करायला लोखंड लागेल १ किलो ४५ ग्रॅम. फक्त पंचेचाळीस ग्रॅम जास्त! भाजक्या मातीचे मणी घेतले तर मात्र पावणेदोन किलोच्या वर जावं लागतं, खांदा भरून येईल.

गणित अण्णांना पटलं. होटगी रोडच्या भंगारातून त्यांचा मुलगा लोखंडी नट घेऊन आला, भोकं आयतीच. एका जाळ्याला शिसं, दुसऱ्याला नट, असं महिनाभर चाललं. दिवाळीत भेटले तेव्हा म्हणाले, "बुडतंय चांगलं. पण लय गंजतंय ओ सर. आणि कड लागून दोरा झिजतोय." नटांच्या कडा कानशीनं मारून बघतो म्हणाले. तोवर दोन्ही जाळी वापरात आहेत. शिशाचे उरलेले मणी झाकणाच्या डब्यात घालून वरच्या फळीवर गेले आहेत, आणि पोरीनं गजग्यांसाठी चिंचोके गोळा केले आहेत. तिच्या मते ते नीट उडत नाहीत.